जुने यंत्र, नवे अवयव

माळव्यातील विहिरींवर मोटा चालत होत्या त्या काळात एखादा भाग निकामी झाला म्हणून कोणी मोट टाकून देत नसे. चाकाचा कणा झिजला, तर सुतार जुना कणा हाती घेई आणि त्याच मापाचा नवा तासून देई. नाडा तुटला तर नवा वळला जाई. चामडे फाटले तर त्याला ठिगळ लागे. धार आणि देवास या संस्थानांच्या खेड्यापाड्यांतून पिढ्यानुपिढ्या हा व्यवहार चालला, आणि त्यात काही विशेष आहे असे कोणाला वाटले नाही. मोटेचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसत होता. तो कोणते काम करतो हे नुसते पाहून कळत होते. बदली भाग घडविण्यास दोनच गोष्टींचे ज्ञान लागते: मूळ भागाचे काम कोणते, आणि त्याची मापे काय.

संगणकाच्या बाबतीत ही सोय राहिली नाही, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याचे झाकण उघडले की आत एका पाटीवर काळे चौकोनी तुकडे ओळीने बसविलेले दिसतात. त्यांना चिप म्हणतात. प्रत्येक तुकड्याला दोन्ही बाजूंनी धातूचे पाय असतात. परंतु आत काय चालले आहे ते बाहेरून दिसत नाही. असा एक तुकडा बिघडला आणि त्याचे उत्पादन बंद झालेले असले, की दुरुस्ती करणारा ‘पार्ट मिळत नाही’ एवढे तीन शब्द उच्चारतो, आणि तेथे यंत्राचे आयुष्य संपते. हा निकाल नेहमीच खरा असतो काय, याचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

समजा, धार जिल्ह्यात सरदारपूरजवळ असलेल्या राजगढ गावातील एखाद्या शाळेत बरीच वर्षे बंद असलेले कपाट उघडले गेले. आत जुन्या उत्तरपत्रिका, फुटके गोल आणि नकाशांच्या गुंडाळ्या यांच्याखाली एक बदामी रंगाची जड पेटी निघाली. तिच्या अंगातच टंकलेखन यंत्रासारखी कळफळी आहे आणि वरच्या ओळीतील कळा लालसर रंगाच्या आहेत. शिपाई विचारतो, ‘सर, हे भंगारवाल्याला देऊन टाकू का?’ उत्तर देण्यापूर्वी त्या शिक्षकाने ही पेटी शाळेत कशी आली असेल आणि तिच्यात काय आहे हे जाणून घेणे इष्ट ठरेल.

१९८४ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने शिक्षण मंत्रालयाच्या सहकार्याने शाळांतून संगणकाची ओळख करून देणारी एक योजना हाती घेतली. ‘क्लास’ या नावाने ती ओळखली जाई. प्रारंभी देशातील सुमारे २५० माध्यमिक शाळा निवडण्यात आल्या, आणि पुढे ही संख्या दोन हजारांच्या वर गेली. या शाळांना जे यंत्र देण्यात आले त्याचे नाव बी.बी.सी. मायक्रो. इंग्लंडमधील केंब्रिज येथील एकॉर्न या कंपनीने ते तयार केले होते. ब्रिटिश नभोवाणीने सामान्य नागरिकांना संगणक शिकविण्याची मोहीम आखली, तिच्यासाठी हे यंत्र निवडले गेले आणि डिसेंबर १९८१ मध्ये ते बाजारात आले. एकंदर पंधरा लाखांच्या आसपास यंत्रे विकली गेली. पंजाबातील मोहाली येथे सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स हा भारत सरकारचा कारखाना होता. त्याने या यंत्राची भारतीय आवृत्ती ‘युनिकॉर्न’ या नावाने काढली. त्या कारखान्याला फेब्रुवारी १९८९ मध्ये भीषण आग लागली आणि चिप बनविण्याची त्याची सामग्री जळून गेली. पुढील दशकात शाळांतून निराळ्या जातीचे संगणक आले, आणि ही पहिली यंत्रे हळूहळू कपाटांत गेली.

आजच्या मानाने या यंत्राची शक्ती अल्प वाटेल. त्याची कार्यस्मृती ३२ किलोबाइट, म्हणजे बत्तीस हजारांहून थोडी अधिक अक्षरे मावतील एवढी. गणित करणारी मुख्य चिप ६५०२ या जातीची. तिचा ठोका सेकंदाला वीस लाख वेळा पडतो. प्रोग्राम साठविण्यासाठी साधी ध्वनिफितीची कॅसेट वापरीत, आणि ३२ किलोबाइटचा मजकूर कॅसेटवरून आत यावयास साडेचार मिनिटांहून अधिक वेळ लागे. ज्यांना परवडेल ते फ्लॉपी तबकडी जोडीत. परंतु वीज सुरू केली की क्षणार्धात पडद्यावर सूचक चिन्ह उमटे आणि यंत्र विद्यार्थ्याच्या आज्ञेची वाट पाहू लागे. बेसिक ही भाषा त्याच्या अंगातच होती. आज्ञा चुकली तर यंत्र तसे सांगे, आणि विद्यार्थी ती पुन्हा लिहून पाही.

असे यंत्र तीस-चाळीस वर्षे पडून राहिले म्हणजे त्याचे काय होते? पहिला धोका विजेच्या पुरवठ्याच्या पेटीत असतो. तेथे वीज गाळून घेण्यासाठी कागदाचे थर असलेले छोटे कंडेन्सर बसविलेले असत. कालांतराने त्यांच्या वेष्टनाला चिरा पडतात आणि हवेतील ओल कागदात शिरते. अशा यंत्राला वीज जोडली की काही वेळाने आत स्फोटासारखा आवाज होतो आणि दुर्गंधीयुक्त धूर निघतो. म्हणून जुना संगणक सापडताच तो चालू करून पाहण्याचा मोह आवरावा, हा पहिला नियम. वीज काढल्यानंतरही त्या पेटीत काही काळ धोकादायक विद्युत्-भार शिल्लक राहतो. तेव्हा ती उघडण्याचे काम मुलांचे नव्हे, जाणत्या कारागिराचे आहे. हे कंडेन्सर मात्र सहज मिळतात आणि स्वस्त असतात. धूर पाहून यंत्र मेले असे समजून ज्यांनी ते टाकून दिले, त्यांनी पुष्कळदा एका क्षुल्लक वस्तूपायी चांगले यंत्र गमावले.

खरा प्रश्न चिपचा आहे. बदली चिप मिळविण्याच्या तीन रीती आहेत, आणि त्यांचा क्रम सोप्याकडून कठिणाकडे जातो.

पहिली रीत म्हणजे तीच वस्तू अजून कोणी बनवीत आहे काय हे पाहणे. ६५०२ ही चिप १९७५ साली अमेरिकेत प्रथम विक्रीस आली. तिच्या मूळ रचनाकारांपैकी बिल मेन्श यांनी पुढे स्वतःची संस्था काढली, आणि त्या संस्थेची सुधारलेली ६५०२ इतक्या वर्षांनंतरही विकली जाते. परंतु येथेही सावधगिरी हवी. दोन्ही चिपांना चाळीसच पाय आहेत आणि आकारही एक आहे. तथापि जुन्या चिपचा पहिला पाय जमिनीला, म्हणजे शून्य व्होल्टला, जोडलेला असतो, तर नव्या चिपच्या त्याच पायातून एक संकेत बाहेर पडतो. ती जशीच्या तशी जुन्या जागी बसविली तर तो संकेत थेट जमिनीशी जोडला जाऊन चिपला इजा होण्याचा संभव असतो. म्हणून मध्ये एक लहान जोडपाटी घालून तो पाय मोकळा ठेवतात. शिवाय जुन्या चिपमध्ये पुस्तकात न दिलेल्या काही आज्ञा चालत, आणि चतुर प्रोग्रामरांनी त्यांचा उपयोग करून घेतला होता. नव्या चिपमध्ये त्या चालत नाहीत. बाहेरून एकसारखी दिसणारी वस्तू कामानेही एकच असेल असे गृहीत धरू नये, हा धडा यातून मिळतो. त्याच काळात जन्मलेल्या झेड-८० या दुसऱ्या प्रसिद्ध चिपचे नशीब निराळे ठरले. १९७६ पासून चालत आलेल्या तिच्या मूळ प्रकाराचे उत्पादन थांबविण्याचे तिच्या कंपनीने २०२४ साली जाहीर केले. म्हणजे पहिली रीत नेहमीच उपयोगी पडेल असा भरवसा नाही.

दुसरी रीत अशी की वस्तू निराळी घ्यावयाची आणि तिला जुन्या जागी काम करावयास शिकवावयाचे. ही कल्पना आजची नाही. बी.बी.सी. मायक्रो नवा होता तेव्हाच फ्लॉपीचे नियंत्रण करणारी त्याची चिप महाग व दुर्मिळ झाली होती. तेव्हा निराळ्या जातीची, सहज मिळणारी चिप एका लहान पाटीवर बसवून ती पाटी जुन्या चिपच्या सॉकेटात खोचण्याची युक्ती निघाली. तिच्यासाठी नियंत्रक प्रोग्रामही नव्याने लिहावा लागला. नकलेपासून संरक्षण असलेले काही खेळ या नव्या व्यवस्थेवर चालत नसत. बाकीचे व्यवहार सुरळीत चालत. आज हेच तत्त्व आणखी पुढे गेले आहे. फ्लॉपी तबकडीवरील चुंबकीय थर खराब होतो आणि ती फिरविणारे यंत्रही झिजते. म्हणून तिच्या जागी कॅमेऱ्यात वापरतात तसे मेमरी कार्ड जोडणारी लहान पाटी हौशी तंत्रज्ञांनी तयार केली. जुन्या एका तबकडीवर १०० किंवा २०० किलोबाइट मजकूर मावे. एक गिगाबाइटच्या कार्डावर २०० किलोबाइटच्या सुमारे पाच हजार तबकड्यांचा मजकूर राहतो. एका शाळेला आयुष्यभर लागतील त्याहून अधिक तबकड्या बोटाच्या नखाएवढ्या जागेत सामावतात, आणि जुन्या यंत्राला आपण कार्डाशी बोलत आहोत याची वार्ताही नसते.

तिसरी रीत सर्वांत कठीण. यंत्रातील काही चिपा बाजारात मिळणाऱ्या नसून त्या एका यंत्रासाठीच खास घडविलेल्या असतात. पडद्यावर चित्र उमटविणारी बी.बी.सी. मायक्रोची चिप तशी होती. तिला २८ पाय. ती इतकी तापे की आरंभीच्या यंत्रांत तिच्या डोक्यावर उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी बसवावी लागे. अशी चिप दुसऱ्या कोणत्याही यंत्रात नव्हती. म्हणून तिला बाजारात जोड नाही. येथे आधुनिक तंत्राची एक देणगी कामी आली. आज अशा चिपा मिळतात की ज्यांच्यात हजारो लहान विद्युत्-फाटके तयार असतात, परंतु ती एकमेकांस कशी जोडावयाची हे कारखान्यात ठरत नाही. ते जोडकाम कोरे सोडलेले असते. तंत्रज्ञ एका विशेष भाषेत आपल्याला हवी ती रचना लिहून काढतो, ती चिपमध्ये उतरवितो, आणि चिप त्या रचनेप्रमाणे वागू लागते. या मार्गाने चित्राच्या चिपची बदली तयार झाली. ती मूळच्या सॉकेटात बसते आणि मूळची सर्व कामे करते. मूळ चिपला आठ रंग येत होते. नवीला ४०९६ छटांतून रंग निवडता येतात. परंतु जुना प्रोग्राम चालविला तर ती आठ रंगांचेच चित्र दाखविते, कारण त्या प्रोग्रामाने अधिक काही मागितलेलेच नसते. चांगल्या बदलीचे हेच लक्षण होय.

असा भाग घडविणे म्हणजे नुसते पाय जुळविणे नव्हे. संगणकात प्रत्येक गोष्ट ठरलेल्या क्षणी घडावी लागते. बी.बी.सी. मायक्रोत मुख्य चिपचा एक ठोका सेकंदाच्या वीस लाखाव्या भागाएवढा असतो. तेवढ्या अवधीत कार्यस्मृतीला दोनदा उत्तर द्यावे लागते: एकदा मुख्य चिपला आणि एकदा पडद्यावर चित्र काढणाऱ्या व्यवस्थेला. दोघे आळीपाळीने येतात आणि कोणी कोणाला थांबवीत नाही. नव्या भागाने आपले उत्तर नेमक्या त्याच अवधीत द्यावयाचे. उशीर झाला तर चूक, आणि वेळ संपल्यावर मार्गातून दूर झाला नाही तरीही चूक. दुसरी अडचण विजेच्या दाबाची. जुन्या चिपा ५ व्होल्टवर चालतात. नव्या चिपांना बहुधा ३.३ व्होल्टच सोसतात. दोहोंच्या मध्ये दाब बदलणारी चिप घालावी लागते, नाहीतर जुन्याचे एक वाक्य ऐकताच नवा भाग जळून जावयाचा. म्हणून हे काम करणारा प्रथम जुन्या भागाच्या प्रत्येक पायावर कोणता संकेत केव्हा येतो हे उपकरणाने मोजून नोंदवितो. मग सुट्या तारांनी कच्ची जुळणी करतो, चुका शोधतो, पुन्हा मोजतो, आणि सर्व ठीक झाल्यावरच छापील पाटी बनवून घेतो. सुताराने जुना कणा हाती घेऊन माप काढावे, तसेच हे. फरक एवढाच की येथील माप अंगुळांचे नसून क्षणांचे असते.

आता मुख्य मुद्द्याकडे यावयाचे. ज्यांनी हे बदली भाग बनविले त्यांच्यापैकी पुष्कळ जण मूळ कंपनीचे नोकर नव्हते. फावल्या वेळात काम करणारे ते हौशी लोक होते. चाळीस वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणी केलेल्या यंत्राचे माप त्यांना कसे सापडले? याचे उत्तर असे की बी.बी.सी. मायक्रोच्या जोडणीचे आराखडे उपलब्ध होते. त्याच्या अंतरंगाचे सविस्तर वर्णन करणारे जाडजूड मार्गदर्शक पुस्तक १९८३ सालीच प्रसिद्ध झाले होते. कोणती जोडणी कशासाठी आहे, कोणत्या पत्त्यावर कोणता भाग उत्तर देतो, हे त्यात सांगितले होते. यंत्राच्या खालच्या बाजूस पुढील काळातील भाग जोडता यावेत म्हणून जागा राखून ठेवल्या होत्या, आणि त्यांचे नियमही लिहिलेले होते. म्हणजे यंत्र करणाऱ्यांनी आपले ज्ञान यंत्राबरोबर ग्राहकाच्या हाती दिले होते.

ज्या यंत्राच्या बाबतीत असे झाले नाही, तेथे किती कष्ट पडतात याचेही उदाहरण आहे. त्याच काळात स्पेक्ट्रम नावाचा एक स्वस्त घरगुती संगणक लोकप्रिय होता. त्याची भारतीय आवृत्ती पुण्यातही निघाली होती. त्याचा बहुतेक कारभार एका खास चिपमध्ये कोंडलेला होता आणि तिचे अंतरंग प्रसिद्ध झालेले नव्हते. शेवटी एका अभ्यासकाने त्या चिपच्या गाभ्याची सूक्ष्मदर्शकाखालील छायाचित्रे अभ्यासून तिची रचना उलगडली आणि २०१० साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर त्या चिपची बदली करण्याचा मार्ग सुकर झाला. एका कंपनीने कागदावर ठेवले असते तर जे अर्ध्या तासात वाचून झाले असते, ते मिळविण्यास अशी तपश्चर्या करावी लागली.

या गोष्टीचे मर्म माळव्यातील माणसाला समजावयास दूर जावे लागत नाही. उज्जैनला क्षिप्रेच्या काठी सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा आहे. कालांतराने ती मोडकळीस आली होती. १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार करविला आणि तेथे पुन्हा वेध घेणे शक्य झाले. जीर्णोद्धारात नवा चुना आणि नवे दगड लागले असतीलच. परंतु त्यामुळे यंत्र निराळे झाले नाही. तेथील सम्राट यंत्राची उतरती भिंत स्थळाच्या अक्षांशाएवढ्या, म्हणजे उज्जैनला सुमारे २३ अंशांच्या, कोनात असावी लागते. हा नियम ज्याला ठाऊक आहे तो पडलेली भिंत पुन्हा बरोबर उभी करू शकतो. ज्याला तो ठाऊक नाही त्याने मूळचेच दगड एकावर एक रचले तरी वेळ चुकीचीच दिसेल. यंत्राचे प्राण दगडात नसून त्या नियमात होते.

आपल्या देशातील संगणकाच्या इतिहासाचीही हीच साक्ष आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय तंत्रज्ञांनी १९५५ च्या सुमारास संगणक बांधावयास घेतला. प्रथम एक छोटे प्रायोगिक यंत्र केले, मग १९६० साली मोठे यंत्र पुरे झाले, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात दोन हजारांहून अधिक निर्वात नळ्या होत्या. अशा नळ्या जळत, आणि वरचेवर बदलाव्या लागत. पण ज्यांनी यंत्र बांधले तेच ते सांभाळीत होते. कोठे काय आहे आणि का आहे हे त्यांना अवगत होते. टिफ्रॅक काही वर्षांतच कालबाह्य झाले. परंतु ते बांधताना जे ज्ञान मिळाले, ते पुढील पिढीतील तंत्रज्ञांच्या उपयोगी पडले. पुढे शाळांना तयार यंत्रे मिळाली, तेव्हा ती चालवावयास शिकविण्यात आले. झाकण उघडून आत पाहण्याचे शिक्षण मात्र बहुतेक ठिकाणी अभ्यासक्रमात आले नाही. म्हणून यंत्र बंद पडले की कपाट हाच त्याचा मुक्काम ठरला.

येथे एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे. जुन्या यंत्राचे प्रोग्राम पाहावयाचे असतील तर आजच्या कोणत्याही संगणकावर त्याची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम चालविता येतो. मग त्या जड पेटीत नवे अवयव बसवीत राहण्याचे कारण काय? आक्षेपात तथ्य आहे. जुने प्रोग्राम जतन करावयाचे एवढाच हेतू असेल तर नक्कल पुरेशी आहे आणि तीच स्वस्तही आहे. शाळेतील मुलांनी जुन्या यंत्रावरच शिकावे असेही कोणी सुज्ञ मनुष्य म्हणणार नाही. त्यांना आजचे संगणक मिळालेच पाहिजेत. पण आजच्या यंत्रातील एका चिपमध्ये अब्जावधी घटक असतात. ते यंत्र एका विद्यार्थ्याला मुळापासून शेंड्यापर्यंत समजणे शक्य नाही. बी.बी.सी. मायक्रो मात्र एका मनुष्याला संपूर्ण समजू शकतो. त्याची प्रत्येक तार कोठून कोठे जाते हे कागदावर दाखविता येते. जो विद्यार्थी त्याचा एक भाग बदलून यंत्र पुन्हा चालू करील, त्याला संगणक म्हणजे काही मंत्रतंत्र नव्हे हे पुन्हा सांगावे लागणार नाही. शरीरशास्त्र शिकावयाचे तर प्रथम साध्या प्राण्याची रचना पाहतात, त्यातलाच हा प्रकार होय.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. याच एकॉर्न कंपनीतील सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढे एका नव्या चिपची रचना केली. तिच्या आज्ञांची चाचणी प्रथम बी.बी.सी. मायक्रोच्या बेसिक भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामाने घेतली गेली, आणि २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली प्रत्यक्ष चिप त्याच यंत्राला जोडून चालविण्यात आली. त्या चिपचे नाव एआरएम. आज जवळजवळ प्रत्येक मोबाइल फोनमध्ये तिचेच वंशज आहेत. रास्पबेरी पाय या नावाचा तळहातावर मावणारा स्वस्त संगणक २०१२ साली निघाला, त्यातही तिचाच वंश आहे. हौशी तंत्रज्ञांनी हा छोटा संगणक, मध्ये दाब बदलणारी पाटी घालून, बी.बी.सी. मायक्रोच्या पोटाखाली जोडण्याची व्यवस्था केली आहे. जेथे १९८५ साली पहिली एआरएम जोडली गेली त्याच प्रकारच्या जागी तिची नात आज येऊन बसते आणि आजीच्या सांगण्याप्रमाणे भराभर गणिते करून देते. नियम लिहून ठेवलेले होते, म्हणूनच हे घडू शकले.

आता पुन्हा राजगढच्या त्या कल्पित कपाटापाशी येऊ. शिपायाच्या प्रश्नाला शिक्षकाने कोणते उत्तर द्यावे? ‘थांब, आधी उघडून पाहू,’ हे योग्य उत्तर होईल. मग कामाचा क्रम असा ठेवता येईल. वीज न जोडता धूळ पुसावी. जाणत्या कारागिराकडून पुरवठ्याच्या पेटीतील जुने कंडेन्सर बदलून घ्यावेत, आणि यंत्राला जोडण्यापूर्वी त्या पेटीतून ५ व्होल्ट बरोबर येतात की नाही हे मोजावे. यंत्र बोलू लागले तर त्याच्या कायम स्मृतीच्या चिपांतील मजकुराची प्रत सर्वप्रथम काढून ठेवावी. तो मजकूर अवघा सोळा-सोळा किलोबाइटचा असतो. परंतु शाळेसाठी कोणी खास प्रोग्राम लिहून त्यात घातला असेल तर त्याची दुसरी प्रत जगात कोठेही असणार नाही. कॅसेटा व तबकड्या असतील तर त्यांच्याही प्रती कराव्यात. बदली भाग बसविताना मूळ पाटी कापू नये आणि भोके पाडू नयेत. जे बसविले ते पुढे काढता येईल असेच बसवावे. यंत्र कोणत्याही उपायाने चालू झाले नाही तरी ते भंगारात देण्याची घाई नको. त्यातील चांगल्या चिपा दुसऱ्या एखाद्या शाळेच्या यंत्राला उपयोगी पडतात.

आणि शेवटी एक लहानसे काम, ज्याला काही खर्च येत नाही. काढलेला प्रत्येक जुना भाग एका पाकिटात ठेवावा आणि त्यावर तीन ओळी लिहाव्यात: हा कोणता भाग, तो का काढला, आणि त्याच्या जागी काय बसविले. यंत्राच्या आराखड्याची एक प्रत पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावी. आणखी तीस वर्षांनी नवा भागही बिघडेल, आणि त्या वेळी आजचा शिक्षक किंवा विद्यार्थी तेथे नसेल. जो कोणी ते झाकण उघडील त्याच्या हाती निदान तो कागद लागेल, आणि पुढचा भाग कसा घडवावयाचा हे त्याला तेथून सुरू करता येईल.